गाळलेला शब्द

बेंगळूरातल्या चामराजपेटच्या आमच्या घराला बैठकीची खोली नव्हती. त्या जागी अण्णांचं दुकान होतं. रस्त्याकडच्या त्या खोलीत दोन शिलाई मशिनं, कापड बेतायचं लांब टेबल, कोळशाची इस्त्री आणि दोरीवर टांगलेले अर्धवट कोट. घरात यायचं तर त्या कोटांच्या बाह्या हाताने बाजूला करत यावं लागे. अण्णा म्हणजे माझे वडील. कोट शिवणं हे त्यांचं काम आणि कोटाच्या आतलं अस्तर हा त्यांचा अभिमान. बाहेरून कुणीही नीट शिवतो, आत बघावं, असं ते म्हणत. आमचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर तंबू आणि अंगरखे शिवायला म्हणून दक्षिणेत उतरले आणि परत गेलेच नाहीत, एवढाच आमचा इतिहास. घरात मराठी, पण तीत कन्नड इतकी मुरलेली की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते आम्हालाही सांगता आलं नसतं. आई नारळाला 'काई' म्हणायची. आता माझा जावई पुण्याचा आहे, सर्जापूर रोडला राहतो, लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी मुलीला म्हटलं, "काई किसून दे." तो तिला विचारतो, "काय किसून दे?" मी म्हटलं, "हो, काईच." बराच वेळ हे चाललं. सगळे हसले, मीही हसले. पण नंतर भांडी आवरताना जिच्याबद्दल मी घरात कधी बोलले नाही ती गोष्ट आठवली. तीच इथे लिहिते आहे.

बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते. टायपिंग झालं होतं, बँकेच्या परीक्षा दोनदा देऊन झाल्या होत्या. दिवसभर अण्णांच्या मशिनचा आवाज, पायडल थांबलं की मधेच ऐकू येणारा रेडिओ, आणि आतून सारूच्या, म्हणजे आमटीच्या, फोडणीचा वास. थंडीत अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या पावट्याचे, दिवस आले की आई भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं माझ्यापुढे ठेवी. दाणा चिमटीत दाबला की साल बोटांत राहतं आणि दाणा टुणकन उडतो. दुपारभर मी ते करत बसे. बोटांना हिरवट, उग्र वास येई, आणि आपलं आयुष्य आता असंच जाणार असं वाटे. अशाच एका दुपारी मूर्तीसर म्हणून एक गृहस्थ जुना कोट घेऊन दुकानात आले. अण्णांनी तो उलटा केला, आतली शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, "हा इथला नाही."

"जपानचा आहे," मूर्तीसर म्हणाले. "माझ्या लग्नातला."

ते तरुणपणी यंत्रांचं काम शिकायला म्हणून जपानच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात दोन वर्षं होते. तिथल्या ऑफिसात टायपिस्ट असलेल्या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि तिला बेंगळूरला घेऊन आले. त्याला तीस वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. बायको आता विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गांना जपानी भाषा आणि संस्कृती शिकवत होती. अण्णांनी अस्तर उसवता उसवता दारातून माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यासमोर बसलेली. "आमच्या मुलीला घेतील का त्या?" त्यांनी विचारलं. आई आतून म्हणाली, "चार भाषा येतात तिला, त्यातल्या एकीतही स्वयंपाक येत नाही. पाचवी कशाला?" पण अण्णांनी ठरवलं होतं.

त्यांचं नाव टोकिको. आम्ही त्यांना सेन्सेई म्हणत असू, म्हणजे गुरुजी किंवा बाई, जे समजाल ते. ठेंगण्या, सडपातळ, कायम सुती साडी, पदर खांद्यावर पिन लावून घट्ट बसवलेला. खडू त्या रुमालात धरून लिहीत. त्यांचं कन्नड आमच्या आईपेक्षा शुद्ध होतं. लीला हे माझं नाव त्यांच्या जिभेवर रीरा होई, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझी त्याबद्दल माफी मागितली. वर्गात आम्ही अकरा जण. घड्याळाच्या कारखान्यातले दोघं, एक निवृत्त पोस्टमास्तर, बाकी माझ्यासारखे रिकामे. त्या काळी शहरात जपानी कंपन्या येणार, येणार असं सगळे बोलत आणि म्हणून वर्ग भरे. पण सेन्सेईंना नोकऱ्यांचं काही देणंघेणं नव्हतं. चपट्या वस्तू मोजायचे शब्द वेगळे, लांब वस्तूंचे वेगळे, पुस्तकांचे वेगळे. दुसऱ्याच्या घरच्या माणसांबद्दल बोलायचं ते वर चढवून आणि आपल्या माणसांबद्दल खाली उतरवून. स्वतःच्या दुखण्याखुपण्याबद्दल बोलायचं झालं तर शक्यतो नाहीच. हे सगळं त्या इतक्या गंभीरपणे शिकवत की आमचे दोन वर्गमित्र भिऊन पळाले. मी राहिले. वहीतली माझी चित्रलिपी त्या जांभळ्या शाईने दुरुस्त करत, आणि एखादं अक्षर साधलं की त्याच्याभोवती एक लहान वर्तुळ काढत. त्या वर्तुळासाठी मी सकाळी अंघोळीआधी दोन दोन तास लिहीत बसे. आई म्हणे, "अभ्यास बँकेच्या परीक्षेला केला असतास तर?"

एक गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटली होती. उच्चारांसाठी सेन्सेई टेपरेकॉर्डर लावत. कॅसेटमधली बाई टोकियोची, निवेदिका असावी, काचेसारखा आवाज. सेन्सेई टेप थांबवून आम्हाला म्हणायला लावत आणि दर वेळी बजावत, "या बाई बोलतात तसं बोला. मी बोलते तसं नको." आम्हाला काहीच फरक कळत नसे. एकदा वर्ग संपल्यावर मी विचारलं, "सेन्सेई, तुमच्या गावाकडे कसं बोलतात? थोडं म्हणून दाखवा ना." त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळली, गुंडाळून झाल्यावर परत सोडून नीट गुंडाळली. मग म्हणाल्या, "मी सतरा वर्षांची असताना टोकियोत कामाला गेले. पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि खोलीतल्या सगळ्या मुली हसल्या. वर्षभर मी फक्त हो आणि नाही एवढंच बोलले. मग परत गेले. रीरा-सान, ते शिकवायचं नसतं." मी पुन्हा विचारलं नाही. आमच्या जातीतल्या मुली पुण्या-मुंबईकडे लग्न होऊन जातात आणि परत येतात तेव्हा वेगळीच मराठी बोलतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काही जुळलं नाही. मला वाटलं, जपानी म्हणजे जपानी.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला हेब्बाळच्या घरी बोलवायला सुरुवात केली. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गावाबाहेर. तळं, तळ्याकाठी शेतं आणि मधेच उगवलेली चार-दोन घरं. मी पोहोचले की सेन्सेई मला आधी हात-पाय धुवायला लावत, मग मऊ भाताचे तिकोनी गोळे करून वाढत. गोळ्याच्या पोटात त्यांच्या देशात खारवलेलं आंबट फळ घालतात म्हणे. इथे त्या लिंबाच्या लोणच्याची फोड घालत. मूर्तीसर वर्तमानपत्राआडून म्हणत, "हिचं लग्न लावून देऊ नका, हिला आमच्याकडेच ठेवा." तीस वर्षांत ते दोघं आपसात कन्नड बोलत, अडलं तर इंग्रजी. सरांना जपानी येत होतं ते यंत्रांच्या सुट्या भागांपुरतं आणि आकडे. तेही विसरत चाललं होतं. सेन्सेईंनीच घरात जपानी बंद केलं होतं. ज्या गावात राहायचं तिथलं बोलायचं, असा त्यांचा नियम. मला वाटतं, माझ्याशी बोलताना तरी त्यांना बरं वाटत असावं. पण तेव्हाही त्या कॅसेटमधल्या बाईसारखंच बोलत.

तिसऱ्या वर्षी, परीक्षेला महिना असताना, त्या फळ्यावर 'घोडा' लिहीत होत्या. त्याच्या चित्राक्षरात खाली चार ठिपके असतात, ते घोड्याचे पाय. त्यांनी वरचं सगळं काढलं आणि ठिपके न देता थांबल्या. पोस्टमास्तर हसून म्हणाले, "सेन्सेई, घोडा लंगडा राहिला." आम्हाला वाटलं, काय चुकलं ते ओळखायचं आहे. मी उत्साहाने हात वर केला. सेन्सेई आमच्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली आली होती. रुमाल खडूसकट पडला. त्या खाली बसल्या, अगदी नीट, जमिनीवर मांडी घालून बसतात तशा, आणि एका कुशीवर कलंडल्या. माझा हात अजून वरच होता. हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या. उजवी बाजू गेलेली. आणि कन्नड गेलेलं, इंग्रजीही गेलेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेल्या भाषा आधी जातात. मूर्तीसर खाटेजवळ उभे राहून कन्नडमधून विचारत, "काय हवंय? पाणी? खिडकी?" आणि त्या त्यांच्याकडे असं पाहत जसं एखाद्या सभ्य अनोळखी माणसाकडे पाहावं. मग त्या काहीतरी बोलत, आणि सर बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. अण्णा मशिनवर होते. सर म्हणाले, "तुमच्या मुलीला पाठवाल का? ती काय म्हणते ते मला कळत नाही." अण्णांनी मशिन थांबवलं आणि मला म्हणाले, "चप्पल घाल."

मी रोज सकाळी दहाला जाई आणि संध्याकाळी चारला निघे. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी खूश होते. सेन्सेईंनी पाणी मागितलं, मी सांगितलं. उशी उंच करा म्हणाल्या, मी सांगितलं. खिडकीतलं झाड कसलं आहे असं विचारलं, मी जपानी शब्द शोधून उत्तर दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. नर्सेस मला 'जपानी मेडम' म्हणू लागल्या. डॉक्टर फेरीला आले की माझ्याकडे बघत. तीन वर्षं मी जे गिरवलं त्याचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होत होता, आणि हे मी सोडून शहरात दुसऱ्या कुणालाच जमणार नाही असं मला वाटे. कळत नव्हतं तेही पुष्कळ होतं. त्यांचं बोलणं अस्पष्ट होतं, शब्दांची टोकं कापलेली, काही शब्द मी कधीच न ऐकलेले. मला वाटलं, जीभ जड झाल्यामुळे असेल. जे कळलं नाही ते मी सोडून देई आणि जे कळलं त्याचं नीटनेटकं वाक्य करून सांगे. कुणी विचारलं नाही, आणि मीही म्हटलं नाही की अर्धं मला समजत नाही.

मी जायला लागल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी पोहोचले तेव्हा सेन्सेई अस्वस्थ होत्या. कपाळावर घाम, ओठ कोरडे. माझा हात डाव्या हाताने धरून म्हणाल्या, "करादा कोवाई." पुन्हा, "करादा कोवाई." कोवाई म्हणजे भीती वाटते. आमच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या धड्यात तो शब्द होता. मुलगी कुत्र्याला पाहून म्हणते. करादा म्हणजे अंग, शरीर. अंग भीती वाटते, असं वाक्य होत नाही. मी मनात ते दोनतीनदा फिरवलं. तेवढ्यात डॉक्टर आले. "काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं. मूर्तीसर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी करादा हा शब्द गाळला, कारण तो बसत नव्हता, आणि म्हटलं, "त्यांना भीती वाटतेय."

डॉक्टरांनी मान हलवली. "साहजिक आहे. त्यांच्याजवळ बसा, धीर द्या." नाडी पाहिली, शांत करायचं एक औषध लिहून दिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मूर्तीसर स्टूल ओढून बसले. तीन वर्षांत इतरांसमोर त्यांनी बायकोचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी दुपारभर त्यांनी तो सोडला नाही. "भय पडबेड," ते म्हणत होते, "नानिदीनि." भिऊ नकोस, मी आहे. पुन्हा पुन्हा तेच. सेन्सेई डोकं हलवत. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत. "रीरा-सान, कोवाई." मी जपानीत म्हटलं, "सेन्सेई, घाबरू नका. आम्ही सगळे इथे आहोत." तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. रागावून नव्हे. एखादा विद्यार्थी तिसऱ्या वर्षीही तीच चूक करतो तेव्हा त्या जशा बघत, तसं. मग डोळे मिटले. औषधाने गुंगी आली असावी. चार वाजले, मी घरी गेले. आईने उप्पिट्टू केलं होतं, मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दहाला पोहोचले तेव्हा खाट रिकामी होती आणि गादी उभी करून ठेवली होती. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी सेन्सेईंची धाकटी बहीण जपानहून आली. नाव किनु, मानाने किनु-सान. साठीच्या, गावाकडच्या, हाताची कातडी जाड झालेली. विमानात पहिल्यांदाच बसल्या होत्या. दुभाष्या म्हणून अर्थातच मी. हेब्बाळच्या घराला बाहेरून जिना होता, चढा, वीसेक पायऱ्यांचा. किनु-सान तो चढून वर आल्या, दारातल्या वेताच्या खुर्चीत धपकन बसल्या, रुमालाने मान पुसली आणि हसून म्हणाल्या, "आऽ, कोवाई, कोवाई."

मूर्तीसर पाण्याचा पेला घेऊन येत होते, ते तिथेच थांबले. आता हा एक शब्द त्यांना पाठ झाला होता.

मी किनु-सानना विचारलं, "कशाची भीती वाटली?"

त्या गोंधळल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि तोंडावर हात ठेवून त्या पुन्हा हसल्या. "अहो नाही, नाही. ते आमचं गावठी बोलणं. आमच्याकडे कोवाई म्हणजे दमणं. अंग गळून जाणं." त्यांनी छातीवर हात फिरवला. "आजारी माणूसही म्हणतो. श्वास पुरत नाही, जीव नकोसा होतो, आता सहन होत नाही, तेव्हा. करादा कोवाई. टोकियोची माणसं चुकीचं समजतात. ताईने शिकवलं नाही का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

"नसेलच शिकवलं. तिला लाज वाटायची."

मूर्तीसर पेला हातात धरून उभे होते. "तिलाही भीती वाटतेय?" त्यांनी मला कन्नडमध्ये विचारलं. "कशाची?"

माझ्या जिभेवर खरं उत्तर होतं. किती शब्दांचं? सहा, सात. मी म्हटलं, "विमानाची, सर. पहिल्यांदाच बसल्या ना." ते मान हलवून पुढे झाले आणि किनु-सानना पाणी दिलं. हॉस्पिटलात मी केलं ती चूक होती. अज्ञान होतं, थोडा गर्वही होता, पण चूक होती. हे मात्र मी जाणूनबुजून केलं, आणि करताना माझा आवाजही हलला नाही.

किनु-सान अर्ध्या अस्थी घेऊन गेल्या. अर्ध्या घरात, कापडाने तोंड बांधलेल्या एका मातीच्या भांड्यात राहिल्या. माझी परीक्षा झाली, मी पहिली आले, पण निकालाचा कागद मी अण्णांना दाखवला आणि कपाटात ठेवून दिला. रविवारी सकाळी मी हेब्बाळला जाई. जायला नको वाटे आणि न जाणंही जमत नसे. सर दर वेळी थोडे आणखी वाकलेले दिसत. जेवण सुटलं होतं. दाढी वाढलेली. आणि बोलणं एकाच जागी फिरे. "तिला कशाची भीती वाटत होती?" ते विचारत. "मरणाची ती भ्यायली नसती. मी तिला ओळखतो. मग कशाची? इथे मरायची? माझी?" एकदा म्हणाले, "मला ती ओळखत नव्हती ना त्या दिवसांत? म्हणजे बघ, तिच्या दृष्टीने एक परका माणूस तिचा हात सोडत नव्हता." घरी आले की आई विचारी, "काय झालंय तुला? सारूसुद्धा जात नाही घशाखाली?" मी म्हणे, साक, पुरे, पोट भरलंय. रस्त्याकडच्या खोलीत अण्णांचं मशिन चालू असे. त्या आवाजात कुणाशी काही न बोलता बसून राहायला बरं पडे.

माझ्यापाशी स्वतःसाठी सबबी पुष्कळ होत्या आणि अजूनही आहेत. नीट तपासायचं काम डॉक्टरांचं होतं, एका चोवीस वर्षांच्या मुलीच्या भाषांतरावर त्यांनी विसंबायला नको होतं. तशी गुठळी वेळेत कळली तरी माणूस वाचतोच असं नाही. पुढे मी दोन डॉक्टरांना, कुणाचं नाव न घेता, विचारलं, आणि दोघांनीही सांगता येत नाही म्हणून सांगितलं. हे सगळं खरं आहे. पण मी "अंगाबद्दल काहीतरी म्हणतायत, मला नीट कळत नाही" एवढं म्हटलं असतं तरी डॉक्टर कदाचित थांबले असते. 'मला कळत नाही' हे तीन शब्द मला जपानीत, कन्नडमध्ये, मराठीत, सगळ्यात येत होते.

पावसाळा संपता संपता एका रविवारी सरांनी टेबलावर कागद आणि पेन काढून ठेवलं होतं. मातीचं भांडंही टेबलावर होतं, पुसून स्वच्छ केलेलं. "हे मी माझ्याबरोबर श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडायला ठेवलं होतं," ते म्हणाले. "माझ्या अस्थींबरोबर. आता नको. किनुला पत्र लिही. मी सांगतो तसं. लिही, तुझ्या बहिणीला इथे भीती वाटत होती. तिला तिच्या गावी नेऊन ठेव. मी कुणाबरोबर तरी पाठवून देतो."

मी पेन घेतलं. वर किनु-सानचं नाव लिहिलं, ऋतूबद्दलची पहिली ओळ लिहिली, तशी पत्रात असावीच लागते. मग 'तुमच्या बहिणीला इथे' एवढं लिहून थांबले. पुढे कोवाई लिहायचं होतं. सरांच्या दृष्टीने ते बरोबर झालं असतं. आणि तिकडे किनु-सानने वाचलं असतं की ताईचं अंग गळून गेलं होतं, ताईला सोसत नव्हतं, आणि तिला सगळं कळलं असतं. मला मात्र कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. मी पेन कागदावर टेकवलंही. पण मग मी ते खाली ठेवलं.

"सर," मी म्हटलं, "त्यांना भीती वाटत नव्हती."

मग सगळं सांगितलं. करादा हा शब्द, तो मी का गाळला, किनु-सान जिना चढून आल्या तेव्हा काय म्हणाल्या, आणि विमानाबद्दल मी काय खोटं बोलले. बाहेर तळ्याकडून कुणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज येत होता. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे ती मला भीत नव्हती."

"नाही."

"तिला त्रास होत होता."

"हो, सर."

"आणि ते ती तुला सांगत होती."

"हो."

ते उठले. मला वाटलं, आत जातील किंवा मला मारतील. ते स्वयंपाकघरात गेले, फिल्टरमधली कॉफी गाळली, दूध तापवलं, दोन पेले घेऊन आले आणि एक माझ्यापुढे ठेवला. मी ती कॉफी प्यायले; न पिण्याची मला हिंमत नव्हती. त्यांनी स्वतःची तशीच राहू दिली. मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले, नेहमी येत तसे, आणि जिन्याच्या कठड्याला धरून हळू आवाजात म्हणाले, "इन्मेले बरबेडम्मा." यापुढे येऊ नकोस, बाळ. आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं 'अम्मा' त्यांनी शेवटी लावलं होतं.

मी गेले नाही. दोन महिन्यांनी मला एका कंपनीत दुभाष्याची नोकरी लागली आणि तीच मी जन्मभर केली. सुरुवातीच्या वर्षांत जपानी साहेब माझ्यावर वैतागत, कारण मी फार वेळा थांबवून विचारत असे, म्हणजे नक्की काय, तुमचं गाव कुठलं, तुमच्याकडे हा शब्द असाच वापरतात का. एकाने तक्रारही केली होती.

सर मला त्यानंतर एकदाच भेटले, चार वर्षांनी, मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर. हातात काठी, अंगावर तोच जुना कोट. मी ओळख द्यावी की नाही अशा विचारात उभी होते. त्यांनीच मला पाहिलं.

"चेन्नागिदीया?" त्यांनी विचारलं. बरी आहेस ना?

मी हो म्हटलं. अण्णा कसे आहेत, त्यांनी विचारलं; तेही सांगितलं. मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिलो. ते म्हणाले, "किनुला ते भांडं मी पाठवलं नाही. घरीच आहे." आणि मग, "तू सांगितलंस ते बरं केलंस. त्या दिवसापासून मला झोप लागते."

मी म्हटलं, "सर, मी येऊ का कधी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "नको," ते म्हणाले. "तू दिसलीस की मला तिचा आवाज ऐकू येतो, आणि आता मला कळतं ती काय म्हणतेय."

त्यांची बस आली. पायरी उंच होती, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, बसच्या दाराचा दांडा धरला आणि एकटेच वर चढले.